वरच्या मजल्यावरच्या झिणझिण्या

मंगळवार, ९ जानेवारी

वहिनींच्या न्हाणीघरातल्या नळाला आज सकाळी पुन्हा झिणझिण्या आल्या. सून बादली लावायला गेली आणि हात झटकत बाहेर आली. वहिनींनी जिन्यात येऊन हाक मारली, "अहो मिस, तुमच्याकडे येतोय का करंट?"

मी खालून म्हटलं, "नाही हो. आमच्याकडे सगळं ठीक आहे."

वहिनी बरोबर माझ्या डोक्यावर राहतात. मी पहिल्या मजल्यावर, त्या दुसऱ्या. गृहमंडळाने वसाहतीच्या किल्ल्या वाटल्या त्या दिवशी आम्ही जिन्यात एकमेकींच्या ट्रंकांना हात लावला, तेव्हापासूनची ओळख. मिस हे नाव त्यांनीच पाडलं. कॉन्व्हेंटात शिकलेली, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केलेली, भाजीवाल्यालाही प्लीज म्हणणारी बाई, तिला दुसरं काय म्हणायचं, असा त्यांचा सवाल.

आमच्याकडे सगळं ठीक असतं ते ह्यांच्या शिस्तीमुळे. गीझर लावायचा, पाणी तापलं की बंद करायचा, बटण खरंच बंद आहे ना ते पुन्हा बघायचं, आणि मगच नळाला हात लावायचा. हे गेले त्याला बरीच वर्षं झाली, पण ही शिस्त मी एकदाही मोडलेली नाही. प्रार्थना चुकली असेल, गीझर चुकला नाही.

घरातलं सगळं वायरिंग ह्यांच्या हातचं. पेशा जुळाऱ्याचा, छापखान्यात शिशाची अक्षरं एकेक वेचून ओळीत बसवायचा. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मला इस्त्रीचा शॉक बसला आणि मी भिंतीवर आपटले. ह्यांनी वाचनालयातून पुस्तक आणलं, छापखान्याच्या वायरमनकडे महिनाभर जाऊन बसले, आणि मग सुट्टीच्या दिवशी स्टुलावर चढले. प्रत्येक लोखंडी वस्तूला एक हिरवी वायर, आणि त्या सगळ्या मिळून मोरीमागच्या पाण्याच्या पाईपला. "करंट गळलाच तर तो तुझ्यातून जाणार नाही. या वायरीतून पाईपात आणि पाईपातून थेट जमिनीत," ते म्हणाले होते. माझ्या माहेरी कोणी कोणाला कवितेतून प्रेम कळवलं असेल. मला हे असं कळवलं.

वर ठमी रडतेय. वहिनींची नात. हल्ली जे दिसेल ते धरून उभी राहते. खुर्ची, आजीचं लुगडं, बादलीचा काठ. न्हाणीघरातला नळ तिच्या उंचीला अगदी बेताचा आहे, म्हणून सूनबाई दाराला बाहेरून कडी घालून ठेवते.

शुक्रवार, १२ जानेवारी

संध्याकाळी खाली अंगणात बैठक झाली. मंडळाने एक इंजिनिअर बाई पाठवली आहे. वय माझ्या भाचीएवढं, काखेत हेल्मेट, तोंडात पेपरमिंट, आणि दर थोड्या वेळाने सासूचा फोन. "हो आई, गॅस बंद केलाय. हो आई, दोनदा बघितला." एवढं बोलून पुन्हा आमच्याकडे वळायची.

तिचं म्हणणं असं की इमारतीला म्हणण्यासारखं अर्थिंगच नाही. मंडळ नवीन अर्थिंग करून देईल, घरोघरी नवे बोर्ड बसवेल, आणि प्रत्येक घरात एक बटण बसवेल. करंट जरासा जरी कुठे गळला तरी ते पापणी लवायच्या आत लाईन पाडतं. त्याचं चार इंग्रजी अक्षरांचं नाव तिने सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "म्हणजे पहारेकरी." आता सगळे पहारेकरीच म्हणतात.

पण जिन्यातल्या सगळ्या घरांची संमती हवी. एक जरी घर मागे राहिलं तरी काम होणार नाही.

तळमजल्यावरचे सेक्रेटरी उठून उभे राहिले. ते उठले की बैठक लांबते. "मला या इमारतीत आजवर कधी शॉक बसलेला नाही," ते म्हणाले. "नळ माझ्याकडेही आहे. तुमचा हा पहारेकरी दिवसातून दहादा लाईट घालवणार, फ्रीजमधलं दूध नासणार, त्याला जबाबदार कोण? चार महिन्यांपूर्वी मी मंडळाशी भांडून खालचा सगळा गंजका पाईप बदलून घेतला. पांढराशुभ्र प्लास्टिकचा टाकला. काम असं दिसायला पाहिजे. झिणझिण्यांचं म्हणाल तर काही लोकांना सवय असते."

"मला सवय आहे म्हणता?" वहिनी म्हणाल्या. "माझी सून काय हौसेने हात झटकते?"

"मी नाव घेतलं नाही."

"घ्या ना. दुसरा मजला असं नाव घ्या."

इंजिनिअर बाई माझ्याकडे वळली. "मावशी, तुमचं काय?"

मी म्हटलं, आमचं वायरिंग माझ्या मिस्टरांनी केलंय, आणि त्याला मी हात लावू देणार नाही. आवाज जरा चढला असावा, कारण सेक्रेटरींनी टाळी वाजवली. वहिनींनी माझ्याकडे नुसतं बघितलं. सेक्रेटरींच्या बाजूला बसायची माझ्यावर आयुष्यात पहिल्यांदा वेळ आली. बरं वाटलं नाही.

शनिवार, १३ जानेवारी

इंजिनिअर बाई आज दुपारी वर जाऊन वहिनींचं न्हाणीघर तपासून आली. तिच्या करंट मोजायच्या मीटरवर नळाला काहीच मिळालं नाही. सूनबाई म्हणाली, "अहो, सकाळीच येतो तो. दुपारी नाही येत."

"सकाळी तुम्ही गीझर लावता, म्हणून," इंजिनिअर बाई म्हणाली. गीझर उघडून बघितला. आत गंज होता. गीझर बाद ठरवून गेली. नवा आणायला वहिनींच्या मुलाला उचल घ्यावी लागली. तो दिवसभर व्हॅनने सामान पोचवतो, संध्याकाळी जिन्यात भेटला तर गीझरच्या खोक्याखाली त्याचं तोंडही दिसत नव्हतं.

मला समाधान वाटलं. दोष सापडला, संपलं. आता माझ्या संमतीची घाई कोणाला नसावी.

मंगळवार, १६ जानेवारी

वर आज नवा गीझर बसतोय. मी धाकट्या बहिणीकडे निघाले आहे. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दोन-चार दिवस सोबत हवी. निघताना मेन स्विच बंद केला, ह्यांचा नियम. चावी वहिनींकडे दिली. त्या म्हणाल्या, "लवकर या, नाहीतर मला इंग्रजीतून रागवायला कोणी उरणार नाही."

रविवार, २१ जानेवारी

परत आले. धाकटीला आता काठी घेऊन चालता येतं. आम्ही दोघींनी शाळेचं सगळं उकरून काढलं. स्टार्चने कडक झालेले फ्रॉक, गाण्याच्या वर्गातल्या सिस्टरची पट्टी, जी कोणाला लागली नाही पण जिला सगळ्या घाबरायच्या. धाकटी म्हणते, तू अजून तशीच आहेस, कोणी समोर नसलं तरी ताठ बसतेस.

वर सगळं छान आहे. मी गेल्यापासून एकदाही झिणझिण्या नाहीत. सूनबाईने हसत सांगितलं, "नवा गीझर लागू पडला, काकू." ठमी टबात बसून आंघोळ करते, नळाला धरून उभी राहते आणि उतरायला तयार नसते म्हणे. मी तिच्यासाठी रबरी बदक आणलं होतं, ते तिने आधी चावलं आणि मग फेकलं.

सोमवार, २२ जानेवारी

पुन्हा सुरू झालं. आज सकाळीच.

वहिनी जिन्यात बसून होत्या, कपाळाला हात लावून. "नव्या गीझरलाही तेच?" मी विचारलं. "आज तर गीझर लावलाच नव्हता हो. नळाला हात लावला आणि बसला," त्या म्हणाल्या.

"मी नव्हते तेव्हा काही नव्हतं. मी आले आणि आला. माझा पायगुणच असा," मी म्हटलं. वहिनी हसल्या, सूनबाई हसली, आम्ही तिघी हसलो. दुसरं करणार काय.

ठमीच्या आंघोळीचं मात्र बघायला हवं. मी सांगितलं की उद्यापासून गरम पाणी माझ्याकडून न्या. मी गीझर जरा लवकर लावीन आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ चालू ठेवीन. माझ्या घरात भीती नाही, तेवढं तरी माझ्याकडून होऊ दे.

मंगळवार, २३ जानेवारी



पहाटे उठून गीझर लावला. पहिली बादली सूनबाईने नेली, तिच्यासाठी मी दुसरी तापत ठेवली. पाणी फार कढत होतं. ठमीला कडेवर घेऊन ती न्हाणीघरात गेली आणि विसाण घालायला थंड पाण्याचा नळ उघडला. तेवढ्यात बसला. रोजच्यासारख्या झिणझिण्या नव्हेत. ती मागे दारावर आदळली. पोर हातातून सुटलं नाही ते नशीब. ठमी किंचाळली ती मला इथे ऐकू आली. धावत वर गेले तेव्हा सूनबाई जमिनीवर बसली होती, पोरीला घट्ट धरून, आणि तिची बोटं उघडत नव्हती. वहिनी एकेक बोट चोळत होत्या.

डॉक्टर येऊन गेले. दोघींनाही काही नाही. पण सूनबाई म्हणाली, "तिने हात पुढे केला होता, काकू. मी आधी धरला म्हणून. तिने धरला असता तर?"

मी खाली येऊन इंजिनिअर बाईला फोन लावला. एक्स्चेंजमध्ये आम्हाला शिकवलं होतं की आवाज चढवायचा नाही, स्पष्ट करायचा. तसाच केला. "दुपारी येऊन मीटर लावण्यात अर्थ नाही. शॉक सकाळी बसतो, तुम्हीही सकाळी या. उजाडायच्या आत या." ती म्हणाली, "मावशी, गुरुवारी येते. तोपर्यंत त्यांनी नळाला हात लावायचा नाही." मी म्हटलं, पाणी मी पुरवते. गरम आणि थंड दोन्ही.

गुरुवार, २५ जानेवारी

हे लिहू की नको असं दिवसभर चाललं होतं. लिहिते.

इंजिनिअर बाई उजाडता उजाडता आली. वहिनींच्या खिडकीतून एक लांब वायर खाली सोडली, मागच्या अंगणात लोखंडी सळई ठोकून तिला बांधली. वायरचं दुसरं टोक मीटरला आणि मीटर नळाला. मी ठमीच्या पाण्यासाठी गीझर लावून वर गेले होते. मीटरवर आकडा आला. इंजिनिअर बाईने तोंडातलं पेपरमिंट गालात सरकवलं. "बापरे," म्हणाली, फार हळू.

मग तिने वहिनींचा मेन स्विच पाडला. घरभर अंधार. आकडा तसाच.

"म्हणजे आमचं नाही," वहिनी म्हणाल्या. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचे खांदे सैल पडलेले पाहिले.

"तुमचं नाही. पाईप सगळ्यांचा एकच आहे. आता एकेकाने खालून मेन बंद करायचा. मी सांगेन तेव्हाच."

सूनबाई जिन्यात उभी राहिली, निरोप पोचवायला. आधी सेक्रेटरी. ते लुंगीवर दारात उभे होते, दाढीचा साबण एका गालाला. "बंद केलाय," ते ओरडले, "आणि दाढी अर्धी राहिलीय, याचीही नोंद घ्या."

वरून उत्तर आलं, "आहे तसाच आहे."

मग मी खाली माझ्या घरात आले. ह्यांच्या बोर्डासमोर उभी राहिले. सागवानी फळी, तिला दरवर्षी हे तेल लावायचे, नंतर मी लावते. सूनबाईने जिन्यातून सांगितलं, "काकू, करा बंद."

मी बंद केला.

वरून आवाज आला, "गेला."

मला वाटलं वहिनींचा नातेवाईक कोणी आलेला निघून गेला. खरंच असं वाटलं. मन किती वेडं असतं.

"काकू, पुन्हा चालू करा म्हणतायत." मी केला.

"आला."

"बंद करा." केला. "गेला."

मी म्हटलं, तिला सांग, आणखी एकदा. तेही झालं. सूनबाई जिन्याच्या कठड्याला धरून माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

इंजिनिअर बाई खाली आली. गीझरपासून हिरव्या वायरीवर बोट ठेवून ती चालत गेली, भिंतीच्या कडेकडेने, दाराच्या चौकटीवरून, मोरीमागे. तिथे ह्यांनी पाईपला तांब्याची पट्टी आवळली आहे. ती तिथे उकिडवी बसली.

"काम झकास केलंय हो," ती म्हणाली. "त्या काळी असंच करायचे. पाईप लोखंडी, जमिनीत गेलेला, करंट गळला तर जमिनीत जायचा. तुमच्या गीझरचा आतला रॉड आता गळायला लागलाय. पूर्वी असतं तर कोणाला कळलंही नसतं. पण चार महिन्यांपूर्वी खाली प्लास्टिक टाकलं ना. प्लास्टिकमधून करंट जात नाही. मग तो जमिनीत जाणार कसा? वरच्या लोखंडात अडकून बसला. जो ओल्या पायाने नळ धरेल त्याच्यातून वाट काढणार. खाली सेक्रेटरींचा नळ प्लास्टिकवरच आहे, म्हणून त्यांना कधी लागला नाही. आणि तुम्ही गीझर बंद करून मग नळ उघडता, म्हणून तुम्हालाही नाही."

"मी गावाला गेले होते तेव्हा मेन बंद होता," मी म्हटलं.

"हो."

"आणि परवा मी गीझर जास्त वेळ चालू ठेवला."

ती उठून उभी राहिली. मग तिचं तिनेच सांगितलं, "माझंही चुकलं, मावशी. वरचा गीझर उगाच बाद केला. आणि पाईप बदलला तेव्हा आमच्याच मंडळाने अर्थिंग बघायला हवं होतं. पाईपवाले वेगळे, वायरवाले वेगळे. एकमेकांना विचारत नाहीत."

गीझरची वायर तिने तिथेच तोडली आणि टोकांना टेप गुंडाळली. सासूचा फोन आला. पहिल्यांदाच तिने उचलला नाही.

शनिवार, २७ जानेवारी

वहिनी जिन्यात भेटल्या नाहीत. म्हणजे भेटल्या, पण पिशवी या हातातून त्या हातात घेऊन पुढे गेल्या. माझी चावी सूनबाईच्या हाती परत पाठवली. एवढ्या वर्षांत ती चावी त्यांच्या देवघराच्या खुंटीवरून हललेली नव्हती.

मी ह्यांच्यावर रागवायचा प्रयत्न केला. जमलं नाही. मग मंडळावर रागवले, ते जमलं, पण उपयोग काही नाही. मग स्वतःवर. बैठकीत एवढ्या तोऱ्यात नाही म्हटलं नसतं, तर तेव्हाच घरोघर तपासणी झाली असती आणि सूनबाई दारावर आदळली नसती. हे खरं आहे. धाकटीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "मग अजून सही का केली नाहीस?"

का केली नाही ते मला माहीत आहे. बोर्ड भिंतीवरून उतरला की भिंतीवर चौकोन उरेल. त्या चौकोनाकडे रोज बघायचं.

सोमवार, २९ जानेवारी

सकाळी वर गेले. दार वहिनींनीच उघडलं. आत या म्हणाल्या नाहीत, मीच गेले आणि नेहमीच्या खुर्चीवर बसले.

"करंट माझ्या घरातून येत होता," मी म्हटलं. "तुम्हाला माहीत आहे, पण मी तोंडाने सांगितलं नव्हतं. म्हणून आले."

वहिनी तांदूळ निवडत होत्या. एक खडा काढून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "मिस, मला राग करंटचा नाही. तुम्हाला काय माहीत होतं, आम्हाला काय माहीत होतं. तुम्ही बैठकीत त्या अर्ध्या दाढीवाल्याच्या बाजूला बसलात, त्याचा आहे. माझी सून रोज हात झटकतेय हे ऐकून तुम्ही म्हणालात, हात लावू देणार नाही. फळी मोठी झाली तुम्हाला, पोर नाही."

मी म्हटलं, "सॉरी."

"इंग्रजीत नको."

"चुकले, वहिनी."

ठमी माझ्या पायाला धरून उभी राहिली होती. खाली बघितलं तर ती माझ्या चपलेचा पट्टा चाखत होती. वहिनींनी तिला उचललं नाही, माझ्याकडेच राहू दिली. मग ताट बाजूला ठेवून म्हणाल्या, "तुमच्या मिस्टरांनी आमच्याकडेही तशी वायर टाकून देऊ म्हटलं होतं. आमचे हे म्हणाले, कशाला उगाच भिंतीला भोकं. टाकली असती तर आज तुमच्यापेक्षा आम्हीच जास्त पसरवला असता करंट." आणि हसल्या. मला मात्र रडू आलं, तर म्हणाल्या, "आता रडून फरशी ओली करू नका, आधीच भीती."

खाली येऊन संमतीवर सही केली आणि तशीच सेक्रेटरींच्या दारात गेले. त्यांच्यासमोर ठेवली. ते म्हणाले, "बाई, तुम्हीसुद्धा?" मी म्हटलं, "तुम्हाला कधी शॉक बसला नाही कारण तुमचा नळ प्लास्टिकवर आहे. ते प्लास्टिक तुम्हीच भांडून आणलंत. आता वरच्यांसाठीही थोडं भांडा. तुमच्यासारखं मंडळाशी कोणाला भांडता येतं?"

ते फुलले. सही करता करता म्हणाले, "आठवडाभरात काम झालं नाही तर माझं नाव सांगायचं नाही." संध्याकाळी ते मंडळाला फोनवर झापत होते, ते जिन्यातून ऐकू येत होतं.

शनिवार, ३ फेब्रुवारी

आज माझ्या घरी काम झालं.

मागच्या अंगणात खोल खड्डा खणून नवीन अर्थिंग भरलंय, तिथून जाड हिरवी वायर जिन्यातून वर गेली आहे. इंजिनिअर बाई स्वतः उभी होती. दोन कामगारांनी ह्यांची फळी उतरवली. चौकोन उरला, जसा उरेल वाटलं होतं तसाच, भोवतीच्या भिंतीपेक्षा उजळ.

"ही ठेवायची का?" तिने विचारलं.

मी नको म्हटलं. मलाच आश्चर्य वाटलं. फळी ठेवून मी काय करणार, तेल लावत बसणार.

मग वायरीची पट्टी ठोकायला ह्यांनी भिंतीत बसवलेल्या जुन्या लाकडी गुट्ट्या काढायला एकाने छिन्नी घेतली, तर दुसरा म्हणाला, "थांब रे. बघ तरी." दोघांनी दोरी धरून बघितली. दारावरून मोरीपर्यंत एकही गुट्टी ओळीबाहेर नव्हती, एकही हलत नव्हती. इंजिनिअर बाई म्हणाली, "मावशी, चालेल का? याच गुट्ट्यांवरून नवी पट्टी नेते. नवी भोकं पाडायला नकोत."

चालेल म्हटलं. सगळी नवी वायर आता ह्यांच्या वाटेने गेली आहे. फक्त मोरीमागे जाऊन पाईपला मिळत नाही, जिन्यातल्या हिरव्या वायरीला मिळते.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

सेक्रेटरींचा पहारेकरी दिवसभर पडतोय. ते मंडळाला फोनवर सांगत होते की निकृष्ट माल बसवला. इंजिनिअर बाई आली आणि घरातली एकेक वस्तू काढून परत लावायला लागली. फ्रीज, टीव्ही, मिक्सर. सगळं ठीक. मग सेक्रेटरींचा टेबलफॅन लावला, लग्नात आलेला. लावताक्षणी लाईन पडली.

"हा?" सेक्रेटरी म्हणाले. "हा माझ्या उशाशी असतो हो."

"नशीबवान आहात. हात लावताना पाय कोरडे असणार."

त्यांनी तो फॅन दोन बोटांनी शेपूट धरल्यासारखा धरून अंगणात नेऊन ठेवला. वहिनी वरून बघत होत्या. "सेक्रेटरी," त्या म्हणाल्या, "काही लोकांना सवय असते."

त्यांनी मान वर केली नाही. पण संध्याकाळी प्रत्येक मजल्यावर जाऊन सांगून आले की जुन्या वस्तू एकेक करून तपासून घ्या, पहारेकऱ्याला दोष देऊ नका. माझ्या नव्या गीझरची पाहणी करून, मान हलवून गेले.

रविवार, ११ फेब्रुवारी

मीटर म्हणतो नळावर काही नाही. इंजिनिअर बाई म्हणते काही नाही. सकाळी, दुपारी, सगळ्या घरांचे गीझर एकदम लावून, सगळं बघून झालं. तरी वर कोणी नळाला हात लावत नाही. सूनबाई रबरी चपला घालून, लाटण्याच्या टोकाने नळ फिरवते आणि पाण्यात हात घालायच्या आधी डोळे मिटते. वहिनींचा मुलगा आंघोळ व्हॅनच्या डेपोत उरकून येतो. ठमीची आंघोळ स्वयंपाकघरात परातीत.

आज मला वर बोलावलं. न्हाणीघराच्या दारात सगळे उभे, जणू आत कोणी पाहुणा बसलाय.

सूनबाई म्हणाली, "काकू, कळतंय सगळं. हात जात नाही."

मी चपला काढल्या. वहिनी म्हणाल्या, "काय करताय?" मी आत गेले. फरशी ओली होती, थंडगार. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहायची भीती मलाही वाटली, खोटं कशाला लिहू. ह्यांनी पाहिलं असतं तर दंडाला धरून बाहेर ओढलं असतं. खाली माझ्या घरात गीझर चालू होता. मीच मुद्दाम लावून आले होते.

नळ धरला. मुठीत घट्ट धरून ठेवला, मनात एक अख्खं गाणं म्हणून होईल इतका वेळ. पितळ थंड होतं, बाकी काही नाही. उघडला. पाणी हातावरून गेलं, फक्त पाणी.

"बघू," असं म्हणून वहिनी आल्या आणि त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. मग सूनबाईने एक चप्पल काढली. थांबली. दुसरी काढली.

टब भरला. ठमीला आत ठेवली तर तिने सरळ दोन्ही हातांनी नळ पकडला आणि उभी राहिली. सूनबाईचे हात तिला ओढायला पुढे गेले. ठमी नळाच्या धारेखाली डोकं नेऊन ओरडली, आनंदाने, मग आमच्याकडे बघून पुन्हा ओरडली, आम्ही घाबरतोय हे पाहून तिला आणखी मजा वाटली असावी.

पाणी निवलं, बोटांना सुरकुत्या पडल्या, तरी बाईसाहेब नळ सोडेनात. एक हात सोडवला की दुसरा. सूनबाई हसत होती आणि डोळे पुसत होती. आम्ही तिघी कमरेपर्यंत भिजलो.

"मिस," वहिनी म्हणाल्या, "नळ तुम्ही धरून दाखवलात. आता सोडवा तुम्हीच."